पोटगी, अपत्यांची
आईबाप विभक्त झाल्यावर किंवा त्यांचा घटस्फोट झाल्यावर, अज्ञान अपत्याचे अन्न, वस्त्र, निवारा, शिक्षण व औषधोपचार यांसाठी त्यांनी द्यावयाची रक्कम. अपत्य ज्याच्याजवळ राहते त्याच्या, म्हणजे बहुधा आईच्या, हाती ही रक्कम पडत असल्याने ती पत्नीच्या पोटगीचाच भाग होय, असा समज रूढ आहे. भारतीय कायद्यास तो मान्य नाही. पुरेशा कारणाशिवाय पतीबरोबर राहण्याचे नाकारणाऱ्या पत्नीचा स्वतःचा हक्क जाऊ शकतो. अपत्याचा त्यामुळे जात नाही. अपत्याची भेट होऊ दिली जात नाही, या तक्रारीवर वेगळी दाद मागावी लागते. तेवढ्यावरून पोटगी थांबविता येत नाही.

हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ च्या कलम २० अन्वये औरस व अनौरस अपत्यांच्या निर्वाहाचे दायित्व आई व बाप या दोघांवरही आहे. अविवाहित मुलीस स्वतःचा निर्वाह करता येत नसेल, तर ती सज्ञान झाल्यावरही ते टिकते. दोघेही नोकरीत असलेल्या एका दांपत्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये हा भार त्यांच्या वेतनांच्या प्रमाणात वाटून दिला.

कोणत्याही धर्माच्या अपत्यास फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ च्या कलम १२५ खाली दाद मागता येत असे. मुसलमान अपत्यांनाही हा हक्क असल्याचे १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. दरमहा ५०० रुपयांची कमाल मर्यादा २००१ च्या दुरुस्तीने गेली. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये हीच तरतूद आहे.

रकमेचे कोष्टक कायद्यात नाही. आईबापांची मिळकत आणि अपत्याच्या गरजा पाहून न्यायालय ती ठरविते. परिस्थिती पालटल्यास ती वाढविता वा घटविता येते. मिळकत लपविण्याचे प्रकार वारंवार घडत असल्याने सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये उभय पक्षांना मालमत्ता व दायित्वे यांचे प्रतिज्ञापत्र सक्तीचे केले, तसेच पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असेही ठरविले.

खरी अडचण वसुलीची. रक्कम थकल्यास दंडाधिकारी वसुलीचे अधिपत्र काढतो आणि तरीही ती न भरल्यास प्रत्येक महिन्याच्या थकबाकीबद्दल एक महिन्यापर्यंत कारावास देऊ शकतो. कारावास भोगल्याने थकबाकी मात्र फिटत नाही. अधिपत्रासाठी रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. समेटाच्या आशेवर थांबलेल्या पालकाच्या हातून ही मुदत निसटते आणि नुकसान अपत्याचे होते.