मोजणीचा दिवस

पहाटे ५.४५
२००२चा हिवाळा. बोईसरच्या कॉलनीतून पहिली बस सुटते तेव्हा अजून अंधार असतो. तारापूरच्या अणुवीज केंद्रात माझ्याकडे इंधनाचा हिशेब आहे. टर्बाइनवाल्यांच्या लेखी आमचं खातं म्हणजे वाण्याची वही. पण व्हिएन्नाहून आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक येणार असले की सगळ्यात आधी हीच वही मागितली जाते. संस्थेला आम्ही नुसतं ‘एजन्सी’ म्हणतो.

८.३०
दोघं आलेत. त्यांची नावं आधी दिल्लीकडून मंजूर होऊन येतात. सरकारला नको असलेला निरीक्षक पाठवता येत नाही. हाती संयुक्त राष्ट्रांचं निळसर पारपत्र आणि एक जड पेटी. पेटीतली प्रत्येक वस्तू गेटवर नोंदवली जाते आणि संध्याकाळी बाहेर जाताना पुन्हा मोजली जाते. मोजायला आलेल्यांचीच आधी मोजणी! सुरक्षा दलाच्या जवानांना यात गंमत वाटत नाही. मला दर वेळी वाटते.

आत जाताना वाटेत तिसऱ्या आणि चौथ्या युनिटचं बांधकाम लागतं. क्रेन, सळ्या, काँक्रीट. निरीक्षक खिडकीतून बघतात, विचारत काही नाहीत. त्यांचा अधिकार पहिल्या दोन युनिटांपुरता. भारताने अण्वस्त्र प्रसारबंदी करारावर सही केलेली नाही. त्यामुळे इथे सगळा देश निगराणीखाली येत नाही. एजन्सीशी झालेल्या करारात नाव असलेली ठिकाणं तेवढी येतात. एकाच समुद्रकाठी, हाकेच्या अंतरावर, एक भट्टी जगाच्या डोळ्यांसमोर आणि दुसरी नाही.

१०.००
वह्या उघडतो. एका भट्टीत २८४ इंधन जुड्या, एका जुडीत ३६ कांड्या. प्रत्येक जुडीला नंबर. ती हैदराबादहून कधी आली, भट्टीत कुठल्या जागी बसली, बाहेर कधी निघाली, वापरलेल्या इंधनाच्या तलावात कुठल्या खणात आहे, सगळं लिहिलेलं. निरीक्षक बाई बोट ठेवून एकेक ओळ वाचतात. घाई नाही.

ही पानं मला वर्तमानपत्रापेक्षा जास्त सांगतात. १९६३ चा अमेरिकेशी करार, १९६९ मध्ये सुरू झालेली वीज, तेव्हाचं अमेरिकी युरेनियम. १९७४ मध्ये पोखरण झालं, १९७८ मध्ये अमेरिकेने कायदाच बदलला आणि पुरवठा आटला. १९८२ च्या तडजोडीनंतर फ्रान्स आला. १९९३ मध्ये तोही थांबला, कारण पुरवठादार देशांनी सगळ्या अणुकेंद्रांवर निगराणी असल्याशिवाय इंधन नाही असं ठरवलं होतं. १९९५ मध्ये चीन, २००१ मध्ये रशिया. राजधान्यांत जे जमलं किंवा फिसकटलं, ते इथे ‘आवक’ नावाच्या रकान्यात उतरलं.

‘ज्यांनी इंधन तोडलं त्यांच्यापायी हिशेब कशाला द्यायचा?’ असं आमच्यातले काही जण चिडून म्हणतात. मला ते पटत नाही. अमेरिकेचा करार १९९३ मध्ये संपला, तरी भारताने एजन्सीशी नवा करार करून निगराणी चालू ठेवली. पुढे २००८ मध्ये पुरवठादार गटाच्या ४५ देशांनी भारताला सूट दिली. तिच्यामागे मोठं राजकारण होतं, हे खरंच. पण इतक्या वर्षांच्या न चुकलेल्या वहीचंही वजन त्यात होतं, असं मी आजही म्हणेन.

सगळ्यात अवघड रकाना प्लुटोनियमचा. ते तराजूवर कधीच आलेलं नसतं. जुडी किती दिवस, किती तापून जळली यावरून आत किती तयार झालं असेल ते गणिताने काढायचं. जुडी शाबूत असेपर्यंत तो आकडा कागदावरच राहतो. म्हणून जुडी शाबूत आहे ना आणि जागेवर आहे ना, हेच बघायला ही माणसं येतात.

१.००
कँटीन. भात, आमटी, तळलेले बोंबील. दुसऱ्या निरीक्षक साहेबांनी दोन वेळा घेतले.

२.३०
तलाव. पांढरे डगले, बुटांवर आवरणं, छातीला किरणमापक बिल्ले. दिवे मालवायला सांगतात. वापरलेल्या जुड्या पाण्याखाली निळसर चमकतात आणि बाई त्यांच्या खास दुर्बिणीतून सरळ खाली बघत खणामागून खण टिपतात. साधी लोखंडी कांडी कुणी ठेवली, तर तिथे तशी चमक दिसणार नाही. काल निघालेली जुडी ठळक दिसते, वीस वर्षं पडून असलेली अगदी मंद; तिथे त्या बराच वेळ थांबतात. क्रेनवाला वर जांभया देतो.

तलाव भरत आले, म्हणून आवारातच वेगळा साठा बांधावा लागला. जुन्या करारामुळे हे इंधन अमेरिकेच्या संमतीशिवाय पुनर्प्रक्रियेला नेता येत नव्हतं. संमती मिळाली नाही आणि अमेरिका ते परतही नेईना. भांडण दोन देशांचं, जागेची अडचण आमची. २०१० मध्ये पुनर्प्रक्रियेबद्दल दोन्ही देशांत समझोता झाला खरा, पण त्यातही अट होती: प्रक्रिया निगराणीखालच्या नव्या, खास कारखान्यातच व्हायला हवी.

४.३०
एजन्सीच्या कॅमेऱ्यांतल्या नोंदी काढून घेणं, जुनी सीलं कापणं, नवी लावणं. धातूचं सील दोन वाट्यांचं, आतून तार गेलेली. लावण्याआधी वाटीच्या आत मुद्दाम ओरखडे काढून फोटो घेतलेला असतो. व्हिएन्नाला ते ओरखडे जुळले, तरच सील खरं.

६.१५
शेवटची बैठक दहा मिनिटांची. ‘सगळं बरोबर’ असं कुणी तोंडाने म्हणत नाही. निष्कर्ष नंतर लेखी येतो. निघताना साहेब विचारतात, ‘हे जुनं इंधन कधी हलणार?’ मी म्हणतो, ‘ते तुम्ही दिल्लीला विचारा, नाहीतर वॉशिंग्टनला.’ ते हसतात. गेटवर पेटी पुन्हा उघडली जाते.

मला मात्र ऑफिसात परत जायचंय. रात्रपाळीत चार जुड्या तलावात जागा बदलणार आहेत. त्यांच्या नोंदींचे कागद तयार ठेवायचेत.