खाणीची ‘मालकी’ : एक अर्थविचार

बिद्री येथील दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्याचा सभासद भागधारक या नात्याने मालक असतो. भाग कितीही असोत, मत एकच. खाणीच्या बाबतीत ‘मालकी’ हा शब्द इतका निःसंदिग्ध नाही. या दृष्टीने गोमंतकाचे उदाहरण उद्बोधक आहे.

पोर्तुगीज राजवटीत तेथील लोहखनिजाच्या खाणी ‘कन्सेशन’ म्हणून खाजगी व्यक्तींस दिल्या जात. तो हक्क मुदतीविना चाले. गोवा १९६१ साली मुक्त झाला. १९६३ साली मुख्यमंत्री झालेले दयानंद बांदोडकर स्वतः खाणमालक होते. १९६४ साली कुळकायदा आणणारा हा नेता खाणींच्या बाबतीत शासनप्रमुख व खाणधारक अशा दोन्ही भूमिकांत होता. येथे व्यक्तीच्या सचोटीचा प्रश्न गौण असून दोन भूमिका एकवटण्याचा प्रश्न मुख्य होय.

पुढे १९८७ च्या संसदीय अधिनियमाने ‘कन्सेशन’चा ‘खाणपट्टा’ झाला. मालक म्हणविणारा पट्टेदार ठरला. परंतु खाण बहुधा त्याच्याच हाती राहिली. उलट १९७३ साली कोळसाखाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा धारकच बदलला. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले.

तात्पर्य, ‘खाण कोणाची?’ एवढे विचारून भागत नाही. भूगर्भातील द्रव्य कोणाचे, ते काढण्याचा हक्क कोणाचा आणि त्याचे मोल कोणाच्या पदरी पडते, हे तीन प्रश्न पृथक् आहेत. एकच शब्द तिन्हींना झाकतो, तोवर वाद नेत्यांच्या संपत्तीभोवती फिरत राहतो आणि तिसरा प्रश्न अनुत्तरितच राहतो.