छंदाच्या रानातही फेरपालट हवी

वाचकहो, गावात फिरताना जरा नजर उघडी ठेवा, म्हणजे एक गोष्ट ध्यानात येईल. चित्र काढणारा हात प्रत्येक आळीत एक तरी असतोच. शाळेच्या भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा रंगवणारे गुरुजी असतात. पोळ्याला बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावून पाठीवर गेरूचे ठसे उमटवणारा गडी असतो. दिवाळीत पहाटे उठून अंगणभर ठिपक्यांची रांगोळी घालणारी सूनबाई असते आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर वळणदार अक्षरात नाव लिहून देणारा पोरगाही असतो. यांना कोणी चित्रकार म्हणत नाही आणि तेही स्वतःला तसे म्हणवून घेत नाहीत. विचारले तर "आपलं आपलं चाललंय, वेळ जातो," एवढेच उत्तर मिळते.

यातल्या बऱ्याच जणांनी शाळेत असताना कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा दिलेल्या असतात. दहावीला त्याचे वाढीव गुण मिळतात, म्हणून घरचेही आडवे येत नाहीत. गुण पदरात पडले की रंगपेटी माळ्यावर जाते. पुढे पस्तिशी-चाळिशीत कधीतरी हात पुन्हा शिवशिवतो. पेटी खाली काढावी तर रंगांचे दगड झालेले. मग माणूस तालुक्याला जातो, दुकानदार दाखवील ते महागाचे सामान घेऊन येतो, पहिले चित्र बिघडते, दुसरेही बिघडते आणि नवी पेटी जुन्या पेटीशेजारी माळ्यावर जाऊन बसते.

यात पैसे जातात ते जातातच. पण त्याहून मोठे नुकसान असे, की "आपल्याला काही येत नाही" हा शेरा माणूस स्वतःच्या हातावर कायमचा मारून घेतो. खरे तर पुष्कळदा दोष हाताचा नसतोच. जमीन न पाहता बी पेरल्यासारखे झालेले असते. हलक्या रानात ऊस लावला आणि आला नाही, तर शेतकरी नालायक ठरतो का? तसेच हे आहे. कोणते माध्यम आपल्या हाताला, आपल्या वेळेला आणि आपल्या खिशाला मानवते, हे दोन-चार माध्यमे करून पाहिल्याशिवाय कळत नाही. आणि करून पाहायला फार पैसा लागतो, हाही एक गैरसमजच आहे.

छाटणीच्या काडीतून कोळसा

सुरुवात कोळशाने करा. नाशिक, सांगलीकडच्या द्राक्ष बागायतदारांना तर हे सामान फुकट आहे. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची छाटणी झाली, की बांधावर काड्यांचे ढीग पडतात. याच वेलीच्या काडीचा कोळसा परदेशातले चित्रकार शेकडो वर्षे वापरत आले आहेत आणि दुकानात तो चांगल्या किमतीला विकला जातो. आपल्याकडचे जुने चित्रकार चिंचेच्या बारीक काड्या जाळून कोळसा करीत. म्हणजे बाग नसली तरी अडत नाही, चिंच तर गावोगाव आहे.

करायचे कसे? पेन्सिलीएवढ्या जाडीच्या वाळलेल्या काड्या सोलून घ्या आणि झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात घट्ट भरा. मोकळी जागा राहील तिथे बारीक वाळू ओता. झाकणाला खिळ्याने एक बारीक भोक पाडा आणि डबा चुलीच्या निखाऱ्यात ठेवा. भोकातून आधी धूर निघेल. धूर थांबला की डबा बाहेर काढा, पण पूर्ण गार होईपर्यंत उघडू नका. घाईने उघडला तर आत हवा जाऊन काड्या पेट घेतात आणि हाती राख येते.

कोळशाचा गुण असा, की तो माफ करतो. रेघ चुकली तर फडक्याने झटकली की संपले. शिवाय तो बारीकसारीक तपशिलात अडकू देत नाही. गोठ्यात बसलेली म्हैस काढायची तर आधी तिचा मोठा काळा आकार पाहावा लागतो, शिंगाची कड मागाहून येते. नजर तयार होते ती इथे. चित्र पुसू नये म्हणून साय काढलेले दूध पाण्यात पातळ करून लांबून बारीक फवारण्याची जुनी रीत आहे. बाजारात त्यासाठी तयार फवाराही मिळतो.

पाण्याचे रंग आणि राखलेले बियाणे

जलरंग दिसायला सोपा आणि करायला अवघड. शाळेत हातात पहिल्यांदा तोच दिला जातो आणि पुष्कळांचे मन तिथेच मोडते. त्याचे कारण समजून घ्या. जलरंग पारदर्शक असतो. त्यात उजेड येतो तो खालच्या कागदाचा. म्हणून आधी फिका आणि मग गडद, असाच क्रम ठेवावा लागतो. पांढरे ढग, पांढरा सदरा, बगळा यांची जागा सुरुवातीपासून कोरी राखावी लागते. बियाण्याचे दाणे जसे आपण खायला काढत नाही, तसा हा पांढरा राखायचा. एकदा रंगला की तो पूर्ववत होणे कठीण.

दुसरी गोष्ट कागदाची. वहीच्या पातळ कागदावर पाणी पडले की पापडासारख्या घड्या पडतात आणि दोष मात्र हाताला लागतो. रंग स्वस्तातला चालेल, कागद जाड हवा. पुण्यात १९४० साली सुरू झालेली हातकागद संस्था आहे. अशा हातकागदाचा एक ताव घेऊन त्याचे आठ तुकडे केले, तरी महिनाभराचा सराव होतो. कोळशाच्या आणि पेन्सिलीच्या कामाला मात्र लग्नपत्रिकेची कोरी पाठसुद्धा पुरते.

जलरंगाने दमवले असेल तर पोस्टर कलर घ्या. तो अपारदर्शक आहे, पांढरा मिसळून फिका करता येतो आणि चुकलेल्यावर दुसरा हात मारता येतो. ॲक्रिलिकही पाण्यातच कालवतात, पण एकदा वाळला की पाण्याला दाद देत नाही. त्यामुळे भिंत, मडके, पत्रा, जुना माठ अशा कशावरही तो चालतो. खोड एवढीच, की तो ब्रशवर वाळला की ब्रश कामातून गेला. वैशाखात तर तो ताटलीतच वाळतो. थोडा थोडा काढा आणि ब्रश पाण्यातच ठेवा.

जवस, करडई आणि तैलचित्र

तैलरंग म्हटले की शहरातल्या बंगल्यातली सोनेरी चौकट आठवते. पण त्यातले तेल कोणते? जवसाचे! आणि फिक्या रंगांना पुष्कळदा करडईचे. दोन्ही आपल्या रब्बीच्या रानातली पिके. ही तेले पाण्यासारखी उडून जात नाहीत, हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतात आणि त्यांचा पापुद्रा बनतो. शेंगदाण्याचे तेल असे कधीच सुकत नाही, म्हणून ते चित्राच्या कामाचे नाही. घाण्यावरचे जवसाचे तेलही तसेच्या तसे वापरू नका. त्यात गाळ असतो आणि चित्र लवकर पिवळे पडते. चित्रासाठी शुद्ध केलेले तेल वेगळे मिळते.

या रंगाला सुकायला दिवस लागतात, थर जाड असेल तर आठवडे. नोकरी-शेती सांभाळून रात्री अर्धा तास बसणाऱ्याला हे सोयीचे आहे. काल अर्धवट सोडलेला रंग आज ओलाच असतो, पुन्हा कालवता येतो. नियम एकच पाळा. खालच्या थरात तेल कमी, वरच्या थरात जास्त. उलटे केले तर वरचा थर आधी आवळतो, खालचा हलत राहतो आणि चित्राला तडे जातात.

सावधगिरीही सांगायला हवी. टर्पेंटाइन चुलीपासून, दिव्यापासून दूर ठेवा आणि खिडकी उघडी असू द्या. जवस तेलाने माखलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना उष्णता धरते आणि असा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडकी बाहेर पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून ठेवा. धान्याची पोती, कडबा असलेल्या घरात तर याची जास्तच काळजी घ्यावी.

घरच्या भिंतीवरचे शिक्षण

बाजारात जायच्या आधी आपल्या भिंतीकडेही पाहायला हवे. पालघर जिल्ह्यातले वारली चित्र कशाने होते? शेणमातीने सारवलेली भिंत, वर गेरूचा हात, तांदळाच्या पिठात पाणी आणि डिंक घालून केलेला पांढरा रंग आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. लग्नाचा चौक लिहिण्याचे हे काम मुळात बायकांचे. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ते लग्नघराबाहेर, कागदावर आणि कापडावर नेले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते गेले. म्हणजे भिंतीवरचा हात कागदावर आला, माध्यम बदलले आणि एका पाड्यावरची कला जगाने पाहिली.

सिंधुदुर्गातल्या पिंगुळीची चित्रकथी पाहा. ठाकर समाजातली ही मंडळी कागदावरची चित्रे एकामागून एक दाखवीत गोष्ट सांगतात. त्यांच्याकडे लाकडाच्या आणि चामड्याच्या बाहुल्याही आहेत. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. कागद, लाकूड, चामडे ही तिन्ही माध्यमे एकाच परंपरेत नांदतात, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

आता आपल्या घरच्या रांगोळीचा विचार करा. चिमटीतून न तुटता रेघ सोडणे आणि डावी-उजवी बाजू सारखी साधणे ही तयारी त्या हातात आधीच आहे. पण रांगोळी संध्याकाळपर्यंत पुसली जाते आणि तिच्याबरोबर ते कसबही हिशेबातून जाते. घरातल्या माऊलीला, वहिनीला एक जाड कागद आणि पोस्टर कलरची पांढरी बाटली आणून द्या. दुपारी भांडी आवरल्यावर मिळणाऱ्या अर्ध्या तासात काय होते ते पाहा.

मातीकाम तर शेतकऱ्याच्या हातचेच. पण कोणतीही माती चालत नाही बरं का. काळी माती पाण्याने फुगते आणि वाळताना आकसते, म्हणून मूर्तीला भेगा पडतात. शाडू किंवा कुंभारदादांकडची मळलेली माती घ्या. उन्हात ठेवू नका, ओल्या फडक्याखाली सावलीत सावकाश वाळू द्या. पावसाळ्यातली दमट हवा या कामाला उलट सोयीची.

धरसोड की फेरपालट?

इथे कोणी म्हणेल, "आज हे, उद्या ते, ही तर धरसोड झाली. एक ना धड, भाराभर चिंध्या!" शंका रास्त आहे. आठवड्याला नवीन पेटी आणणाऱ्याचे तसेच होते. पण धरसोड वेगळी आणि फेरपालट वेगळी. ज्वारीनंतर हरभरा घेतो तेव्हा आपण शेती सोडत नाही, जमिनीला कस आणतो. कोळशाने छायाप्रकाश शिकवला, की तो जलरंगात उतरतो. जलरंगाने पांढरे राखायला शिकवले, की तैलरंगातला उजेड कळतो. मातीने पाठीमागची बाजू दाखवली, की कागदावरचा बैलही गोल दिसू लागतो.

कोल्हापूरचे आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि परत आपल्या गावी आले. शाहू महाराजांचा त्यांना आश्रय होता. १९३१ साली ते गेले. पाण्याचे रंग आणि तेलाचे रंग या दोन्हींत त्यांचा हात चाले. कोटितीर्थाचे पाणी आणि भोवतालची झाडे यांनी त्यांना आयुष्यभराचे काम पुरवले. विषय आपल्या दारातला ठेवावा आणि माध्यम बदलून पाहावे, हा धडा त्यांच्याकडून घेता येतो.

म्हणून एक साधी वहिवाट सुचवतो. एका माध्यमाला एक हंगाम द्या. उन्हाळ्यात कोळसा आणि पेन्सिल, पावसाळ्यात माती आणि जलरंग, दिवाळीनंतर कोरड्या हवेत तैलरंग. विषय मात्र तोच ठेवा. विहीर म्हणा, गोठा म्हणा, ओट्यावर बसलेले आबा म्हणा. एकाच विहिरीची तीन माध्यमांतली तीन चित्रे शेजारी ठेवलीत, म्हणजे आपला हात कुठे मोकळा चालतो आणि कुठे अडतो ते कुणी सांगावे लागणार नाही. वर्षाअखेरीस एक मुख्य पीक ठरवा, बाकीची आंतरपिके असू द्या. विकत घेताना मोठी पेटी टाळा. लाल, पिवळा, निळा आणि पांढरा एवढ्यांत पहिले वर्ष निघते.

चित्रे जपाही. कसर, वाळवी आणि ओल हे तीन शत्रू. चित्र भिंतीला चिकटवू नका, थेट उन्हात टांगू नका. स्केचपेनचे रंग तर उन्हाने बघता बघता उडतात. कोरड्या जागी, जमिनीपासून उंच, दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवा आणि पावसाळा संपला की एकदा काढून वारा द्या.

आणि प्रत्येक चित्रामागे तारीख, जागेचे नाव आणि माध्यम लिहून ठेवायला विसरू नका. धाब्याची घरे उतरवली जात आहेत, त्यांच्या जागी सिमेंटची उभी राहत आहेत. रस्ता रुंद झाला की कडेचा वड जातो. तुमच्या गोठ्याचे, तुमच्या पारावरच्या वडाचे चित्र बाहेरचा कोणी येऊन काढणार नाही. ते कच्चे असेल, बैलाचा पाय आखूड झाला असेल, तरी चालेल. उद्या नातवाने विचारले, की आपलं जुनं घर कसं होतं, तर माळ्यावरून काढून दाखवायला ते असू द्या.