नुकसानभरपाई आणि बढती

अपघातात गाडीचा एखादा भाग निकामी झाला की त्याच्या जागी अधिक उंची आणि अधिक किमती भाग बसवून घ्यावा व त्याचे बिल निर्धास्तपणे विमा कंपनीकडे धाडावे, असा समज सुशिक्षित वर्गातही दृढमूल झालेला आढळतो. आणि हप्ता आपण नियमाने भरला असल्यामुळे कंपनीला कुरकुर करण्याचा अधिकारच नाही, अशी पुस्तीही त्याला जोडली जाते. वस्तुतः मोटारीचा विमा हा क्षतिपूर्तीचा करार आहे. अपघाताच्या पूर्वक्षणी गाडी ज्या स्थितीत होती त्या स्थितीला ती शक्य तितकी आणून पोहोचवावी, एवढीच जबाबदारी कंपनीने पत्करलेली असते. दुर्दैवाच्या निमित्ताने मालकाला बढती देण्याचा मक्ता तिने घेतलेला नसतो. भाग दुरुस्त करावा, बदलावा की रोख रक्कम द्यावी, हा विकल्पही पॉलिसीच्या शर्तींप्रमाणे कंपनीचाच असतो, मालकाचा नव्हे.

दुसरा गैरसमज अधिक सूक्ष्म आहे, आणि माझ्या मते पुष्कळशा तक्रारींचे मूळ तोच होय. ‘झिरो डेप’ची जोड घेतली म्हणजे सर्वच खर्च कंपनीच्या शिरावर गेला, असे लोक धरून चालतात. घसारा आणि सुधारणा या दोन बाबी मुळातच भिन्न असून झिरो डेपने माफ होतो तो केवळ घसारा. २००२ च्या मोटार टॅरिफने आखून दिलेल्या आणि पुढे हप्त्यांचे दर खुले झाल्यावरही सामान्यतः टिकून राहिलेल्या कोष्टकानुसार रबर, नायलॉन व प्लॅस्टिकचे भाग, टायर आणि बॅटरी यांवर गाडीचे वय न पाहता ५० टक्के घसारा कापला जातो, काचेवर मुळीच नाही, आणि धातूच्या भागांवर वयोमानाने: पहिल्या सहा महिन्यांत शून्य, तीन ते चार वर्षांच्या गाडीवर २५ टक्के, दहा वर्षांनंतर ५० टक्के.

आता साडेतीन वर्षांच्या एखाद्या गाडीचे मूळचे पोलादी चाक वाकले, त्याची किंमत अडीच हजार रुपये आहे, आणि मालकाने सात हजारांचे अलॉय व्हील बसविले, असे समजू. साध्या पॉलिसीखाली कंपनी अडीच हजारांतून २५ टक्के वजा करून १,८७५ रुपये मंजूर करील. झिरो डेप असल्यास पुरते अडीच हजार देईल. परंतु वरचे साडेचार हजार दोन्ही परिस्थितींत मालकाच्याच खिशातून जातील, कारण ते झीज नव्हे, हौस आहेत. यातून सक्तीची वजावट, म्हणजे १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीस प्रत्येक दाव्यामागे १,००० रुपये, आणखी निराळीच.

याच्या उलट टोकाची भीतीही निराधार आहे: स्वतःच्या खर्चाने चांगला भाग बसविला म्हणून विमा रद्द होतो, असे नाही. सर्वेअरने पाहणी करण्यापूर्वी मात्र जुना भाग काढून टाकू नये, कारण पुराव्याअभावी रास्त दावाही लटकतो. शिवाय कंपनीला न विचारता दुरुस्ती करण्याची मुभा जुन्या नमुन्याच्या पॉलिसीत अवघ्या ५०० रुपयांपर्यंत आहे, जी आजच्या दरांत एका आरशालाही पुरणार नाही.

राहिला प्रश्न पुढच्या अपघाताचा. नवे अलॉय व्हील कंपनीला कळवून, त्याचे मूल्य पॉलिसीत नोंदवून आणि त्यापोटीचा वाढीव हप्ता भरून घेतला नसेल, तर पुन्हा ते फुटल्यावर हिशेब पोलादी चाकाचाच होण्याचा संभव असतो. मागाहून बसविलेल्या विद्युत उपकरणांसाठी टॅरिफने मूल्याच्या चार टक्के जादा हप्ता ठरविला होता. सीएनजी संचाची नोंद तर पॉलिसीखेरीज आरसी पुस्तकातही व्हावी लागते, आणि त्यासाठी आरटीओकडे अर्ज करणे भाग आहे.