दीडपटीची हमी

जोयड्यात नुसता नकाशा पाहून अंतर ठरवणाऱ्याची फसगत होते. काळी नदीवर सुपा धरण झाले, जुने सुपा गाव बुडाले, तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले, आणि समोर दिसणाऱ्या काठावर जायला जलाशयाचा वळसा पडू लागला. जोयड्याहून निघून कुंभारवाडा, उळवी, जगलबेट, कॅसलरॉक अशी दहा गावे एकेकदा गाठून परतायचे, तर फेऱ्याचे १८,१४,४०० पर्याय होतात. त्यांतला सर्वांत आखूड कोणता, हा फिरत्या विक्रेत्याचा प्रश्न.

पुण्यात जन्मलेले सरताज साहनी आणि तेओफिलो गोन्झालेझ यांनी १९७६ साली दाखवले, की अंतरांवर काहीच बंधन नसेल तर 'सर्वोत्तमाच्या अमुक पटीत राहू' एवढी हमीही झटपट देता येत नाही. ती देता आली, तर या जातीचे सगळेच अवघड प्रश्न झटपट सुटतील. त्याच वर्षी निकोस क्रिस्टोफिडीस यांनी एका अटीवर वाट काढली: तिसऱ्या गावावरून गेल्याने अंतर घटू नये. जवळच्या रस्त्याने मोजलेली अंतरे ही अट पाळतातच.

त्यांची रीत अशी. आधी सगळी गावे कमीत कमी रस्त्यात जोडायची. सर्वोत्तम फेऱ्यातला एक तुकडा काढला तरी गावे जोडलेलीच राहतात, म्हणून हे जाळे त्या फेऱ्याहून लांब नसते. मग ज्या गावांना विषम संख्येने रस्ते येऊन मिळतात, त्यांच्या सर्वांत स्वस्त जोड्या लावायच्या. त्यांचा खर्च फेऱ्याच्या निम्म्याहून जास्त होत नाही. आता प्रत्येक गावात शिरलेली वाट बाहेर पडते, सगळे जाळे सलग फिरता येते, आणि दुसऱ्यांदा येणारे गाव गाळता येते. एक अधिक अर्धा, म्हणजे दीडपट. सोव्हिएत संघात सेर्द्युकोव्ह यांनी १९७८ मध्ये हेच स्वतंत्रपणे प्रसिद्ध केले.

मला मोल वाटते ते या हमीचे. मुरलेल्या ड्रायव्हरचा अंदाज बहुधा बरोबर निघतो. पण गावे कशीही वसलेली असोत, याहून जास्त फिरावे लागणार नाही, असे तो छातीठोकपणे सांगू शकत नाही.

घाटात मात्र चढायचा वेळ वेगळा, उतरायचा वेगळा. जाणे-येणे सारखे नसलेला हा प्रकार फार चिवट निघाला. १९८२ मध्ये मिळालेली हमी गावांच्या संख्येबरोबर, हळूहळू का होईना, सैल होत जाणारी होती. पवईच्या आयआयटीतले सुंदर विश्वनाथन यांनी १९९२ मध्ये, अंतरे फक्त एक किंवा दोन असतील अशा खास प्रकारासाठी १७/१२ पट गाठली. सर्वसाधारण प्रकारात गावांच्या संख्येशी न बदलणारी पट मिळायला २०१८ उजाडले: स्वेन्सन, टार्नाव्स्की आणि व्हेग. पहिला आकडा पाचशेच्या वर होता. ट्राउब आणि व्हायगेन यांनी तो बावीसच्या आसपास आणला. जाणे-येणे सारखेच, पण रामनगरहून निघून उळवीला थांबायचे, परत यायचे नाही, या प्रकारालाही २०१९ मध्ये झेंकलुझेन यांनी दीडपट मिळवून दिली.

मूळ दीडपट चार दशके जागची हलली नाही. २०२० मध्ये कार्लिन, क्लाइन आणि ओवेस घरान यांनी जाळे विचारपूर्वक आखलेल्या सोडतीने निवडले आणि ती कमी केली. त्यांनी सिद्ध केलेली घट दशांशचिन्हापुढे पस्तीस शून्ये देऊन मग एक, एवढीच. पण दीडच्या खाली जाता येते हे त्यांनी पक्के केले. चार तृतीयांशापर्यंत उतरता येईल, असा अनेक जाणकारांचा कयास आहे. त्याची सिद्धता अजून कुणाला सापडलेली नाही.