पांढऱ्या उंदराचे घर

उंदीर म्हटले की आपल्याला कुरतडलेले पोते आठवते. गेल्या संक्रांतीला माझ्या मामांनी मुंबईहून दोन पांढरे उंदीर आणले, तेव्हा आजी म्हणाली, "कणगीतले उंदीर हाकलता हाकलता माझा जन्म गेला, आणि तू ते पाळतोस व्हय रे?" आजीचे काही चुकले नव्हते. पण हे उंदीर शेतातले नव्हते. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या पाळून माणसाळवलेली ही जात आहे. अंग वीतभर, शेपटी जवळजवळ तेवढीच आणि डोळे लाल. दोघे हातावर बसून दाणे खायचे. एकाचे नाव मी साखऱ्या ठेवले आणि दुसऱ्याचे कापशा.

आता त्यांना ठेवायचे कुठे? घरात जे रिकामे सापडले तेच मी घेतले. आधी आंब्याची लाकडी पेटी घेतली. सकाळी बघतो तर पेटीला भोक आणि दोघे कणगीमागे! उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत असतात. ते झिजवायला त्याला काही ना काही कुरतडावेच लागते. मग पोपटाचा जुना पिंजरा काढला. त्याचे गज लांब लांब होते. जिथून उंदराचे डोके जाते तिथून त्याचे अंगही जाते, हे मला त्या दिवशी कळले. शेवटी तेलाचा रिकामा डबा घेतला, झाकणाला खिळ्याने भोके पाडली आणि तो पडवीत पत्र्याखाली ठेवला. पत्रा काही कुरतडता येत नाही, म्हटले आता झाले काम.

एप्रिल महिना होता. सकाळची शाळा सुटून घरी आलो, जेवलो आणि झोपलो. उठून डबा उघडला तर साखऱ्या आडवा पडलेला आणि कापशा धापा टाकत होता. आईने कापशाला माजघरातल्या गार फरशीवर ठेवले, ओल्या फडक्याने त्याची शेपटी आणि पाय पुसले. तो वाचला. साखऱ्या गेला. मी दोन दिवस नीट जेवलो नाही.

पुढे गुरुजींनी मला कारण समजावून सांगितले. आपल्याला जसा अंगभर घाम येतो तसा उंदराला येत नाही. तो अंगातली बरीच उष्णता शेपटीतून बाहेर टाकतो. पण भोवतालची हवाच तापली तर उष्णता जाणार कुठे? म्हणजे साखऱ्याला काही रोग झाला नव्हता. त्याचे घर चुकले होते, आणि ते घर मी निवडले होते. म्हणून उंदराचे घर कसे असावे ते मी इथे लिहीत आहे.

पिंजरा : दोन उंदरांसाठी निदान 3 फूट लांब, 2 फूट रुंद आणि 2 फूट उंच जाळीचा पिंजरा करावा. जाळीचे भोक अर्ध्या इंचापेक्षा मोठे नको. काचेची पेटी किंवा डबा नको, कारण आत हवा खेळत नाही. उंदराच्या मुतामुळे उग्र वास साठतो आणि त्याने उंदराची छाती बिघडते. दाराला पक्की कडी हवी.

तळ : नुसत्या जाळीवर चालून उंदराचे पाय दुखावतात. म्हणून खाली पत्र्याचा ट्रे ठेवून त्यावर वर्तमानपत्राचे तुकडे आणि जुने सुती कापड अंथरावे. लाकडाचा भुसा घालू नये, त्याची धूळ नाकात जाते. ओला कागद रोज काढावा आणि आठवड्यातून एकदा सगळा पिंजरा धुऊन वाळवावा.

आतले सामान : निजायला मातीचे मडके आडवे ठेवावे. ते उन्हाळ्यात गार राहते आणि उंदराला लपायलाही बरे. दाण्यांसाठी नारळाची करवंटी चालते, फक्त ती कुरतडली की बदलावी. पाण्याला जड दगडी वाटी ठेवावी, हलकी वाटी तो उलथतो. कुरतडायला रंग न लावलेला लाकडाचा तुकडा आणि चढायला जाड दोर द्यावा.

जागा : पिंजरा सावलीत आणि वाऱ्याच्या जागी असावा. पत्र्याखाली, उन्हात किंवा चुलीच्या धुराजवळ ठेवू नये. विजेची वायर जवळ नको. आम्ही पिंजरा माजघरात चौरंगावर ठेवला आहे. चौरंगाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या आहेत, त्यामुळे मुंग्या चढत नाहीत. मांजर येऊ नये म्हणून रात्री माजघराचे दार लावतो.

सोबत : उंदीर एकटा राहत नाही. साखऱ्या गेल्यावर कापशा कोपऱ्यात बसून असायचा. मामांनी दुसरा नर आणला. आधी दोघांचे पिंजरे काही दिवस शेजारी ठेवले, मग एकत्र केले. आता दोघे एकमेकांच्या अंगावर निजतात. नर आणि मादी मात्र एकत्र ठेवू नये. मादी साधारण 22 दिवसांत विते आणि एका वेळी आठ-दहा पिल्ले होतात. एवढ्या पिल्लांना घर कुठले द्यायचे?

पालकांना एक विनंती आहे. मुलांना शेतातला उंदीर धरून पाळू देऊ नका. त्याच्या मुतातून लेप्टोसारखा रोग होतो. पाळलेल्या उंदराला हात लावल्यावरही साबणाने हात धुवावेत. घरात उंदराचे औषध टाकले असेल तर पाळलेल्या उंदराला बाहेर सोडू नये. उंदराला ओकारी येत नाही, त्यामुळे पोटात गेलेले विष तो बाहेर टाकू शकत नाही. आणि कंटाळा आला म्हणून त्याला रानात तर मुळीच सोडू नये.

उंदीर दोन-तीन वर्षेच जगतो. तेवढी वर्षे त्याला सुखाची मिळावीत. कोणाला उंदीर, ससा, काहीही पाळायचे असेल, तर आधी त्याचे घर तयार करा आणि मगच त्याला आणा. मी उलटे केले. आता आजीही येता-जाता मडक्यात डोकावून बघते आणि म्हणते, "निजलेत व्हय रे दोघं?"



— एक विद्यार्थी, इयत्ता सातवी