मोटारीच्या दाराचें अस्तर

मोटारीचें दार आपण उघडतों व लावतों. परंतु त्याच्या आंतल्या बाजूकडे सहसा कोणाची नजर जात नाहीं. बाहेरचा रंग, दिवे, चाकें ह्यांचें कौतुक होतें. आंत रेक्झिननें मढविलेली एक फळी असते. तिला कारागीर नुसतें ‘पॅड’ म्हणतात. ती फुगली किंवा फाटली म्हणजेच ती होती हें मालकाच्या ध्यानांत येतें. ह्या उपेक्षित फळीविषयीं चार गोष्टी विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगाव्या असा आमचा विचार आहे. उदाहरणास आम्ही जुनी स्पोर्ट्स कार घेतली आहे. कारण तिच्या दारास जितका ऊन-पाऊस सोसावा लागतो तितका इतर मोटारींच्या दारांस क्वचितच लागतो.

स्पोर्ट्स कार म्हणजे बहुधा दोघांपुरती, ठेंगणी, हलकी व हौसेनें हांकावयाची मोटार. पुष्कळशा जुन्या स्पोर्ट्स गाड्यांस पक्कें छप्परच नसे. कापडी टप असे, आणि तोही मालक शक्य तोंवर मागें दुमडून ठेवी. अलीकडे आपल्या रस्त्यांवर ‘एम्. जी.’ हीं अक्षरें मिरविणाऱ्या नव्या मोटारी दिसतात. त्या २०१९ पासून गुजरातेंत हलोल येथें तयार होत आहेत. अक्षरें मात्र फार जुनीं. इंग्लंडांत ऑक्सफर्ड शहरीं मॉरिस गॅरेजेस नांवाची पेढी होती, तिचीं तीं आद्याक्षरें होत. त्या नांवाच्या स्पोर्ट्स गाड्या पुढें अनेक वर्षें जवळच्याच ॲबिंग्डन येथें होत असत. त्यांपैकीं ‘एम्. जी. बी.’ ही १९६२ पासून १९८० पर्यंत निघाली, आणि तिचे सर्व प्रकार मिळून पांच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. आमचें बोलणें मुख्यतः हिच्या दाराविषयीं आहे; परंतु थोड्याफार फरकानें तीच रचना त्या काळच्या बहुतेक मोटारींत आढळते.

दार म्हणजे पत्र्याचा पोकळ डबा होय. बाहेर एक पत्रा, आंत भोकें ठेवलेला दुसरा पत्रा, आणि मधल्या पोकळींत कांच वर-खालीं होते. आंतल्या पत्र्याचीं भोकें व यंत्रें झांकण्यासाठीं बसवितात तेंच पॅड. तें लाकडाच्या लगद्याच्या दाबीव तक्त्याचें, म्हणजे हार्डबोर्डाच्या जातीचें असतें. त्याच्यावर रेक्झिन चढवितात, आणि मागें लहान स्प्रिंगी चाप लावून तें पत्र्याच्या भोकांत दाबून बसवितात.

कांच बंद केल्यावर दारांत पाणी येणार कोठून, असें कोणी विचारील. कांच सरकावयाची तर तिच्या दोन्ही अंगांस फट हवीच. रबराची पट्टी बरेंचसें पाणी अडविते, सगळें अडवीत नाहीं. उरलेलें कांचेवरून पोकळींत उतरतें. कारखानदारास हें ठाऊक असतें, म्हणून तो दाराच्या तळास निचऱ्याचीं भोकें ठेवतो. आतां आपल्या वऱ्हाडांत उन्हाळाभर धूळ आंत सांचते, मृगाच्या पहिल्या सरींत तिचा चिखल होतो, भोकें बुजतात, आणि दाराचें डबकें बनतें. फळी खालच्या कडेनें पाणी शोषते, फुगते, वांकते. चाप तिच्यांतून सुटतात. पत्रा गंजूं लागतो. आणि सर्वांच्या शेवटीं वरचें रेक्झिन उचलतें. रोग आंत, आणि लक्षण बाहेर! मालक तेवढें रेक्झिन बदलून मोकळा होतो, आणि थोड्याच पावसाळ्यांनंतर तेंच काम पुनः पैसे देऊन करवितो.

ह्या ‘रेक्झिन’ शब्दाची हकीकत मोठी मनोरंजक आहे. मॅंचेस्टरजवळ हाइड येथें तयार होणाऱ्या एका नकली चामड्याचा तो मूळचा छाप; आपल्याकडे तो त्या जातीच्या सर्व मालाचें नांव होऊन बसला. जुनें रेक्झिन म्हणजे सुती कापडावर चढविलेला लेप. कापसावर नत्राम्ल व गंधकाम्ल ह्यांची क्रिया केली असतां नायट्रोसेल्युलोज बनतें. ही क्रिया पुढवर नेली तर त्याचीच ‘गनकॉटन’ ही स्फोटक वस्तु होते; बेतानें केली तर लेपाचें द्रव्य मिळतें. तें सुकल्यावर कडक होई, म्हणून त्यांत एरंडेल घालीत. कापूस आणि एरंड! आज वाशीम जिल्ह्यांत सोयाबीनानें कापसाची जागा बरीचशी घेतली आहे. तरी कारंजाचा कापसाचा बाजार आणि बांधावरचा एरंड आमच्या वाचकांस नवे नाहींत. विलायती मोटारीचें तें ऐटबाज अस्तर म्हणजे आपल्या ओळखीच्या ह्या दोन पिकांचें वेषांतर होतें, हें रसायनशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनीं ध्यानीं घ्यावें.

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर ह्या लेपाची जागा पी. व्ही. सी. ह्या प्लास्टिकनें घेतली. नांव मात्र रेक्झिनच राहिलें. एम्. जी. बी.चें अस्तर ह्याच दुसऱ्या जातीचें. पाण्याचे कडक नळ ज्या प्लास्टिकचे होतात तेंच हें, फक्त तेलकट पदार्थ मिसळून नरम केलेलें. वैशाखाच्या उन्हांत बंद मोटार भट्टीसारखी तापते, तेव्हां तो पदार्थ थोडथोडा उडून जातो. समोरच्या कांचेवर आंतून जी धुरकट साय धरते, तिच्यांत त्याचाही अंश असतो. नरमाई गेली कीं रेक्झिन तडकतें. असल्या रेक्झिनास ठिगळ लावूं नये. जुन्या वस्त्राचा व कोऱ्या कापडाचा शुभवर्तमानांतील दृष्टांत आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊकच आहे. येथें तो अक्षरशः लागू पडतो, कारण नवा तुकडा लवचीक व जुना ठिसूळ असल्यानें चीर ठिगळाच्या कडेनेंच पुढें धांवते.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. प्रथम कांच फिरविण्याची मूठ, कुलपाची मूठ व दार ओढण्याची पट्टी ह्यांचे स्क्रू काढून प्रत्येकाची वेगळी पुडी बांधावी व तीवर नांव लिहावें. मग चापाच्या अगदीं जवळ लांकडाची चपटी पाचर सारून फळी हलकेच उचकावी. जुनी फळी कितीही कुजली असली तरी फेंकूं नये. नव्या फळीचा नकाशा तीच. ती नव्या तक्त्यावर ठेवून कडा व सर्व भोकें आंखून घ्यावीं. डाव्या दाराची फळी उलटी केली म्हणजे उजव्याची होते, हें कापण्यापूर्वीं दोनदां पाहावें.

ह्यानंतरचें काम बहुतेक ठिकाणीं गाळतात, आणि आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचें तेंच आहे. नव्या फळीच्या दोन्ही बाजूंस, सर्व कडांस आणि प्रत्येक भोकाच्या आंतल्या काठास वार्निश किंवा तेलरंग द्यावा; खालच्या कडेस दोन हात द्यावे. खर्च अगदीं थोडा, पण फळीचें आयुष्य त्यावर अवलंबून.

रेक्झिन चारी बाजूंनीं दोन बोटें अधिक कापावें. ज्यांनीं पुस्तकास कापडी पुठ्ठा चढविला आहे त्यांस पुढचें सहज समजेल. फळीवर व रेक्झिनच्या पाठीवर, दोहींकडे, रबरी सोल्युशन लावून तें बोटास चिकटेनासें होईपर्यंत थांबावें. घाई केल्यास खालीं फोड धरतात. मग मधून कडेकडे दाबीत जावें. कोंपऱ्यावर जास्तीचें रेक्झिन पाचरीच्या आकारानें कापून काढावें. आंत वळलेल्या कडेस मात्र लहान चिरा द्याव्या. सोल्युशन उन्हाळ्याची धग सोसणारें घ्यावें. साधें असेल तर वैशाखांत तें मऊ होऊन कडा सुटतात. मूळ पॅडावर उभ्या-आडव्या पट्ट्यांची नक्षी असल्यास ती कारखान्यांत उष्णतेनें ठसविलेली असते. गांवांतला कारागीर ती शिवून साधतो. टांके दाट घालूं नयेत. टपालाच्या तिकिटांमध्यें ओळीनें भोकें असतात, आणि तेथेंच कागद फाटतो; रेक्झिनाचें तसेंच आहे. दोरा सुती नको, कारण तो ओलाव्यानें कुजतो; नायलॉनचा घ्यावा.

हें सर्व करणारे हात दूर शोधावे लागत नाहींत. जो कुशनवाला मोटारसायकलीची सीट मढवितो आणि रिक्षाचा टप शिवितो, त्याला ॲबिंग्डनचें दार अवघड नाहीं. ह्या कलेची आपल्याकडची हौस पाहावयाची तर मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींचीच पाहावी. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांत तयार झालेल्या त्या मोटारींचें छत, बैठका व दारें चालकांनीं फुलाफुलांच्या रेक्झिननें सजविलीं. २०१५ सालीं ‘टॅक्सी फॅब्रिक’ ह्या उपक्रमांत तरुण चित्रकारांनीं त्यांच्यासाठीं खास कापडें रेखाटलीं. वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळें ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस त्या टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून गेल्या, आणि तीं अस्तरेंही त्यांबरोबर गेलीं. खाजगी जुन्या गाडीचें नशीब त्या मानानें बरें. पन्नास वर्षांहून जुन्या, आणि सांगाडा, बॉडी व इंजिन ह्यांत मोठा फेरफार न झालेल्या मोटारींस ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी देण्याची सोय केंद्र सरकारनें २०२१ सालीं केली आहे.

फळी बसविण्यापूर्वीं दाराचा तळ ब्रशानें झाडावा, भोकें तारेनें मोकळीं करावीं, गंज खरवडून रंग द्यावा. आंतल्या पत्र्यावर प्लास्टिकचा पातळ कागद चिकटवावा, आणि त्याची खालची कड पत्र्याच्या फटींतून दाराच्या पोकळींत सोडावी. ती बाहेर राहिली तर कागदावरून ओघळलेलें पाणी थेट फळीवर येतें, आणि सगळे श्रम व्यर्थ जातात. मग चाप एकेक दाबून बसवावे, मुठी लावाव्या, आणि कांच वर करून तिच्या बाहेरच्या अंगावर तांब्याभर पाणी ओतावें. तळच्या भोकांतून तें थेंब थेंब गळूं लागलें, आणि तासाभरानें फळीच्या खालच्या कडेस फिरविलेलें बोट कोरडें राहिलें, म्हणजे काम झालें.